राहिलेली गिरकी

साठी बुद्धी नाठी हे सदाशिवरावांच्या बाबतीत समर्थनगरातल्या लोकांनी दिवाळीच्या सुमारास म्हणायला सुरुवात केली. खरं तर त्यांची साठी कधीच उलटून गेली होती. पाटबंधारे खात्यात आरेखक म्हणून हयातभर सरळ रेघा मारल्या आणि वागायलाही तसाच सरळ माणूस. पण बायकोचं वर्षश्राद्धसुद्धा झालं नाही, आणि हा गृहस्थ रोज सकाळी काखेत सायकलवाल्या पोरांचं हेल्मेट मारून क्रांती चौकातून बस पकडतो आणि शहराबाहेरच्या नव्या मॉलमध्ये बर्फावर घसरायला जातो, हे कळल्यावर लोकांनी काय म्हणावं? म्हातारपणी चळ लागला, असं म्हणून लोक मोकळे झाले. लोकांना मोकळं व्हायला फार वेळ लागत नाही.

बर्फाचं वेड मुळात त्यांचं नव्हतंच, ते अनसूयाबाईंचं. मॉलच्या वरच्या मजल्यावर स्केटिंगसाठी बर्फाचं मैदान केलंय म्हणून मागच्या वर्षी दोघं सहज बघायला गेले होते. मैदान कसलं, मंगल कार्यालयाच्या हॉलएवढी जागा. भोवती कमरेएवढा कठडा आणि आत कठड्याला लोंबकळत चाललेली पोरंटोरं. मधोमध मात्र कुठली तरी पाहुणी आलेली मुलगी एका पायावर उभी राहून भोवऱ्यासारखी फिरत होती. अनसूयाबाई कठड्याशी गेल्या त्या हातातली कॉफी निवून पाणी होईपर्यंत तिथून हलल्या नाहीत. घरी आल्यावर कुकर लावता लावता म्हणाल्या, "मला येईल ते."

"काय येईल?"

"ती गिरकी. त्यात काय एवढं? आयुष्यभर आरती संपताना स्वतःभोवती फिरत आलेय. आता खाली बर्फ असेल, एवढंच."

सदाशिवराव हसले. आपण हसलो की ही हट्टाला पेटते, हे इतकी वर्षं संसार करूनही त्यांच्या ध्यानात राहत नसे.

तिथं शिकवायला कुणी नव्हतं. सोनिया नावाची जी मुलगी खिडकीतून बूट द्यायची, तिला पुढं जाणं आणि थांबणं एवढंच येत होतं, आणि तसं ती सांगूनही टाकायची. मग अनसूयाबाई फोनवर बघून स्वतःच शिकायला लागल्या. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या बाई. पाढे पाठ झाल्याशिवाय पुढचं पान उलटायचं नाही हा त्यांचा खाक्या. आधी त्या पडायला शिकल्या. पडायचं ते कुशीवर, हात टेकायचे नाहीत, आणि कुणाच्या बुटाचं पातं बोटांवरून जाऊ नये म्हणून मुठी मिटून घ्यायच्या. मग कठडा सुटला. मग दोन पायांवरची गिरकी जमली. फिरताना खाली बघायचं नाही, वजन पात्याच्या पुढच्या दातांच्या जरा मागं ठेवायचं, हात पसरून सुरुवात करायची आणि छातीशी घ्यायचे, की वेग आपोआप वाढतो. हे सगळं त्या बाकावर बसलेल्या नवऱ्याला ऐकवायच्या. नवऱ्याचं काम ठरलेलं होतं. बायकोच्या चपला आणि पर्स सांभाळायची आणि फोनवर तिचा व्हिडिओ काढायचा.

गिरकीला निघण्याआधी अनसूयाबाईंची एक लकब असे. दोन्ही हातांतल्या बांगड्या कोपराकडं सारायच्या, आधी उजव्या, मग डाव्या, आणि गाल फुगवून फू करून श्वास सोडायचा. कणकेच्या परातीपुढं बसतानाही हेच आणि वर्गात फळ्यापुढं उभ्या राहतानाही हेच. बांगड्या अशा वर चढल्या की समजावं, बाई आता कुणाचं ऐकायच्या नाहीत.

त्यांनी सोनियाचंही ऐकलं नाही. सोनियाला एक गोष्ट खटकायची. "आंटी, सब लोगां लेफ्ट कू घूमते, आप राइट कू कायकू?" ती विचारायची. उजव्या हातानं काम करणाऱ्या माणसाला डावीकडं फिरणं सोपं पडतं हे व्हिडिओतही सांगितलं होतं, पण अनसूयाबाईंचं अंग उजवीकडंच वळायचं. त्यांनी त्या पोरीलाच उलट विचारलं, देवाला कधी उलटी प्रदक्षिणा घालतात का गं?

व्हिडिओ रोज पुण्याला हिमांशूला जायचे. हिमांशू त्यांचा एकुलता एक मुलगा, तिथं कंपनीत होता. त्याच्याकडून प्रत्येक व्हिडिओखाली पसंतीचा अंगठा यायचा. त्यानं एकही व्हिडिओ उघडून बघितला नव्हता हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि आपल्याला वेळ नाही एवढ्यापलीकडं त्यात काही आहे असं त्यालाही वाटत नव्हतं.

एका पायावरची गिरकी तेवढी राहिली होती. आषाढातल्या एका रविवारी अनसूयाबाईंनी पाय उचलला, अंग मागं गेलं आणि त्या पाठीवर पडल्या. डोकं बर्फावर आपटल्याचा आवाज बाकापर्यंत आला. सदाशिवराव चपला हातात घेऊनच कठड्याकडं धावले, तोवर बाई हसत उठून बसल्या होत्या. "काही नाही झालं," त्या म्हणाल्या. "हिमांशूला बोलू नका, उगाच काळजी करत बसेल." सदाशिवराव बोलले नाहीत. घरी जाताना दोघांनी उसाचा रस घेतला.

पुढच्या आठवड्यात त्यांचं डोकं दुखायला लागलं. त्यांनी गोळी घेतली, चहा घेतला, डोक्याला रुमाल बांधला. मग एका सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना त्या खाली बसल्या, त्या पुन्हा उठल्याच नाहीत. मेंदूत रक्तस्राव झालाय, असं दवाखान्यात सांगितलं. रक्तदाबही बराच होता आणि पडल्याही होत्या. दोन्हीपैकी कशानं झालं ते आता सांगता यायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले. हिमांशूनं त्यातलं पडणं तेवढं उचललं. सदाशिवरावांना दोन्हीतलं काहीच उचलता आलं नाही आणि टाकताही आलं नाही. हिमांशू त्यांना दवाखान्याच्या जिन्यात एकदाच बोलला, पण ते पुरेसं होतं.

"आई पडली, बाबा, आणि तुम्ही तिच्या चपला धरून बसलात."

अग्नी हिमांशूनं द्यावा असं सगळे म्हणत होते, पण सदाशिवरावांनी मडकं स्वतःच्या उजव्या खांद्यावर घेतलं. उलटं फिरा, डावीकडून, असं गुरुजींनी सांगितलं. घरातल्या आरतीला सदाशिवराव घंटा घेऊन उभे राहत आणि बाकीचे स्वतःभोवती फिरत तेव्हा ते जागचे हलत नसत. त्यांच्या वाटणीचंही अनसूयाबाईच फिरून घेत. लग्नसुद्धा कचेरीत सह्या करून झालेलं. असा माणूस त्या दिवशी पहिल्यांदा कशाभोवती तरी फिरला. मडक्याच्या भोकातून पाणी त्यांच्या पाठीवर गळत होतं आणि डावीकडं चिता होती.

दहाव्याला सगळे कायगावला गोदावरीच्या घाटावर गेले. पिंड मांडले, मंडळी मागं सरली, आणि कावळा काही येईना. बाभळीवर चांगले दोन-तीन बसले होते, पण खाली उतरायचं नाव नाही. तिची काय इच्छा राहिली असेल ती बोला, गुरुजी म्हणाले. जाऊबाईंनी तुळशीचं बघेन म्हणून सांगितलं. भाच्यानं काही तरी कबूल केलं. शेवटी हिमांशू हात जोडून पुढं झाला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आई, बाबांना मी एकटं ठेवणार नाही. पुण्याला घेऊन जाईन." कावळे बसूनच राहिले. गुरुजींनी कंटाळून दर्भाचा कावळा करायला घेतला.

सदाशिवराव जन्मभर या प्रकाराला हसत आले होते. कावळ्याला भूक लागली की येतो, त्याला कुणाची इच्छा कळते, असं ते प्रत्येक दहाव्याला कुणाच्या तरी कानात सांगत. पण आज तो दर्भाचा कावळा आकार घेताना बघून ते दोन पावलं पुढं झाले. ओठांतल्या ओठांत ते पुटपुटले, "अनू, तुझी राहिलेली गिरकी मी घेईन." बाभळीवरचा एक कावळा खाली आला आणि पिंडाला शिवला.

आता कावळ्याला तेव्हाच भूक लागली असेल. पण तेव्हाच लागावी?

हिमांशू ढसढसा रडला. कावळा आपल्या शब्दाला आला याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. सदाशिवरावांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि आपलं पुटपुटणं गिळून टाकलं. सांगणार कुणाला आणि कसं? ज्या बर्फानं त्याची आई नेली असं तो मानत होता, त्याच बर्फावर आपण नाचायचं कबूल केलंय, असं त्याला सांगायचं?

तेराव्याला सोनिया भेटायला आली. तिकडं राहिलेले अनसूयाबाईंचे हातमोजे तिनं आणले होते. ती रडली, पाणी प्यायली आणि गेली. ती गेल्यावर हिमांशूनं हातमोज्यांकडं बघितलं. दिवाळी झाली की मी न्यायला येतो, घर बंद करू, असं तो आधीच बोलला होता. आता त्यानं त्यात एक वाक्य घातलं. "त्या जागेवर तुम्ही पुन्हा पाऊल टाकलंत, बाबा, तर बायकोबरोबर मुलगाही गेला असं समजा."

तो रागीट नव्हता. म्हणून तर ते वाक्य सदाशिवरावांना जास्त लागलं. उरलेलं एवढं एकच माणूस, आणि त्यानं बोलल्याप्रमाणं वागायचं हे घराण्यातूनच उचललं होतं. इकडं मुलगा, तिकडं गेलेल्या बायकोला दिलेला शब्द, आणि हातात फक्त दिवाळीपर्यंतचे दिवस. पुण्याला गेल्यावर सून आणि मुलगा डोळ्यांत तेल घालून राखण करणार, मग कसली गिरकी.

भाद्रपदात त्यांनी हेल्मेट आणलं आणि बस पकडली. सोनिया बूट देईना. हात जोडून म्हणाली, नको ना अंकल. ते खिडकीशी उभेच राहिले तेव्हा तिनं निमूटपणे बूट पुढं सरकवले आणि नाड्या स्वतः आवळून बांधल्या. सदाशिवरावांनी बायकोचे हातमोजे चढवले. ते घट्ट होत होते, तरी बसले.

वर्षभर बाकावर बसून त्यांनी सगळं ऐकलं होतं आणि बघितलं होतं. गुडघे कुठं वाकवायचे, नजर कुठं ठेवायची, पडायचं कसं, तोंडपाठ होतं. पण तोंडाला पाठ असून पायांना काय त्याचं? नाचता येईना अंगण वाकडं म्हणायचीही सोय नव्हती, कारण हे अंगण चांगलं सपाट आणि गुळगुळीत होतं. ते पडले, उठले, पुन्हा पडले. कुल्ल्यावर वांग्याएवढा काळानिळा डाग उठला. प्रत्येक वेळी डोकं वाचवून कुशीवर पडताना त्यांना वाटायचं, तिनंही हेच केलं असतं तर. आणि लगेच वाटायचं, ते हेल्मेट आपल्याला तेव्हा का नाही सुचलं. या विचाराला पुढं कुठं रस्ताच नव्हता, म्हणून तो रोज येऊन तिथंच उभा राहायचा.

संध्याकाळी हिमांशूचा फोन यायचा. जेवलात का, औषध घेतलं का, दिवसभर काय केलं. "सकाळी फिरून आलो," ते सांगायचे. खोटं नव्हतंच ते. कशावर फिरलो एवढं मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि फोन ठेवल्यावर त्यांना आपलीच लाज वाटायची.

खालच्या मजल्यावर बद्रीनाथ राहायचा, गंगापूरकडचा. शेती भावावर सोपवून इथं नोकरीला आलेला, जीव लावणारा माणूस. त्यानं जिन्यात त्यांना अडवलं. "काका, लई लंगडताय. पडलात का काय कुठं?" सदाशिवराव म्हणाले, संधिवात. बद्रीनाथनं त्यांच्या काखेतल्या हेल्मेटकडं बघितलं. संधिवाताला हेल्मेट लागतं हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं.

नवरात्र सरता सरता सदाशिवरावांचा कठडा सुटला. दोन पायांवर ते फिरायला लागले, आणि आश्चर्य म्हणजे अंग आपणहून डावीकडं वळू लागलं. त्यांनी वळू दिलं. मग एका सकाळी, मैदान रिकामं असताना, त्यांनी उजवा पाय अलगद उचलला, हात छातीशी घेतले, आणि डाव्या पायावर ते फिरले. अगदी सहज. कंपासचं टोक कागदात रुतून बसतं तसं पातं एका जागी बसलं होतं. सोनियानं खिडकीतून टाळ्या वाजवल्या. "हो गया अंकल, बराब्बर हो गया."

सदाशिवराव थांबले, पण भोवतालचं मैदान अजून फिरत होतं. डावा खांदा मागं, डावीकडं ओढणारं अंग. त्यांच्या उजव्या खांद्यावर काहीच नव्हतं आणि तरी जड वाटत होतं. पाठीवरून घाम ओघळला तसे ते शहारले. अंगाला हे वळण कुठून लागलं ते त्यांना तेव्हा समजलं. आयुष्यात ते एकदाच कशाभोवती तरी फिरले होते, आणि तेच त्यांच्या पायांनी धरून ठेवलं होतं.

ते बर्फावरून उतरले, बाकावर बसले आणि हेल्मेटसकट रडले. सोनियाला वाटलं आनंदानं रडतायत. तिला तरी काय सांगायचं? मसणातला फेरा शिकून आलो आणि हा घे म्हणून अनूला द्यायचा? ती प्रदक्षिणेच्या बाजूनं फिरायची. तिची राहिलेली गिरकी म्हणजे उजवीकडची.

पुन्हा पाटी कोरी. उजवीकडं फिरायचं म्हणजे उजव्या पायावर उभं राहायचं, आणि उजवा गुडघा तर जिना चढतानाही कुरकुरायचा. घरी ते देवासमोर उभे राहून हळूहळू स्वतःभोवती फिरून बघायचे. कोपऱ्यातली घंटा आता कुणीच वाजवत नव्हतं. उजवीकडं वळताना पायात पाय यायचा, तोल जायचा, सोफ्याचा आधार घ्यावा लागायचा. ही बाई रोज उठून हे करायची, ताम्हण विसळायला जाण्याआधी, काही विचार न करता. आपण घंटा वाजवत तिच्याकडं बघत होतो, एवढंच. त्यांना तिची इतकी आठवण आली की जेवण गेलं नाही.

दिवाळी आली तशी गेली. घरात कंदील नव्हता, फराळ नव्हता. रविवारी येतो, असा हिमांशूचा फोन आला. सामान बांधायला दोन दिवस काढून येतोय म्हणाला. सदाशिवरावांनी बरं म्हटलं. उजवीकडची गिरकी अजून अर्धीच होत होती. अर्ध्यावर पाय टेकायचा. शनिवारी शेवटची सकाळ होती. ते बस पकडायला निघाले तेव्हा बद्रीनाथनं खिडकीतून त्यांना पाहिलं. चार दिवसांपूर्वीच न राहवून त्यानं हिमांशूला फोन केला होता, हे त्यांना ठाऊक नव्हतं. काका रोज हेल्मेट घेऊन मॉलकडं जातात म्हणे आणि लंगडत येतात, मला तर लई भीती वाटती, एवढंच तो बोलला होता. हिमांशूला पुढचं सांगावं लागलं नाही. तो रविवारची वाट न बघता निघाला.

त्या सकाळी सदाशिवरावांची गिरकी एकदाही जमली नाही. श्वास घ्यायला थांबले आणि वर बघतात तो कठड्यापलीकडं हिमांशू उभा. प्रवासातले चुरगळलेले कपडे, गाडीची किल्ली हातात तशीच. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. घाबरून पांढरा पडला होता तो, दवाखान्यात पडला होता तसाच.

"बाबा, बाहेर या."

सदाशिवराव बाहेर आले असते. पाय तिकडं वळलेही होते. इथं थांबलो तर मुलगा जातो आणि बाहेर पडलो तर अनूला दिलेला शब्द जातो, हे इतक्या दिवसांत त्यांना कधी इतकं स्पष्ट दिसलं नव्हतं. त्यांना रडू आलं. ते म्हणाले, "एकदा, हिमांशू. एकदाच करू दे. मग तू म्हणशील ते."

हिमांशूनं किल्ली खिशात टाकली. कठडा धरून उभा राहिला.

सदाशिवराव वळले, थोडे पुढं गेले, हात पसरले आणि उजवीकडं अंग टाकलं. डावा पाय उचलला. नजर समोर ठेवली; समोर खिडकी, सोनिया, कठडा, हिमांशूचा पांढरा चेहरा, पुन्हा खिडकी, पुन्हा तोच चेहरा, मग सगळं एकात एक मिसळून गेलं. त्यांनी हात छातीशी घेतले. गुडघ्यात कळ आली, पात्याचे दात बर्फात रुतले आणि ते कुशीवर आडवे झाले. मुठी मिटल्या होत्या. हेल्मेट बर्फावर आपटलं आणि मैदानभर आवाज झाला.

हिमांशू कठडा ओलांडून साध्या बुटांनिशी आत धावला आणि दुसऱ्याच पावलाला सपशेल पडला. उरलेलं अंतर तो गुडघ्यांवर आणि हातांवर सरपटत आला. हेल्मेटचा पट्टा त्याला धड सुटेना. सुटला तेव्हा त्यानं दोन्ही हातांची बोटं वडिलांच्या विरळ केसांत घातली आणि मागचं सगळं डोकं चाचपलं. "लागलं का? बोला, बाबा. लागलं का?"

काही नाही झालं, हेच शब्द सदाशिवरावांच्या ओठांवर आले होते. ते त्यांनी तिथंच थांबवले.

"थोडं आपटलंय," ते म्हणाले. "चल, दवाखान्यात जाऊ. आत्ताच जाऊ."

हिमांशूनं भांडायची तयारी केली होती. या बोलण्यानं तीच हातातून गेली. तो बर्फावर बसकण मारून बसला. पँट भिजत होती तरी हलला नाही. वडिलांच्या हातांकडं बघत राहिला.

"बाबा, निघताना तुम्ही बांगड्या मागं सारल्यात."

"मी?"

"आधी उजव्या, मग डाव्या. आणि फू केलंत." त्याचा आवाज फाटला. "मी आईला इथं कधी बघितलंच नाही."

सदाशिवरावांनी आपली मनगटं बघितली. एका हातात घड्याळ होतं आणि दोन्ही हातांत तिचे घट्ट हातमोजे. त्यांना यातलं काहीच आठवत नव्हतं. वर्षभर बाकावरून बघता बघता तिची गिरकी शिकायला घेतली, आणि तिची लकब कधी आली ते कळलंसुद्धा नव्हतं. मग त्यांनी भीत भीत विचारलं, कारण फिरणाऱ्याला स्वतःचं फिरणं दिसत नाही.

"फिरलो का मी?"

"फिरलात."

"कुठल्या बाजूनं?"

हिमांशूला प्रश्नाचा अर्थ कळला नाही. तरी त्यानं आठवून, हवेत बोट फिरवून दाखवलं. आरतीचं तबक ओवाळतात त्या बाजूनं, उजवीकडून. सदाशिवरावांनी डोळे मिटले. सोनिया हात द्यायला येईपर्यंत दोघं बापलेक तिथंच बसून होते.

दवाखान्यात स्कॅनसाठी बाहेर बाकावर बसवलं. त्या बाकावर सदाशिवरावांनी मुलाला घाटावरचं सगळं सांगितलं. काय पुटपुटलो, कावळा कधी उतरला, डावीकडची गिरकी का नको झाली, आणि फोनवर रोज 'फिरून आलो' म्हणत होतो ते कशावर. हिमांशू खाली मान घालून ऐकत होता. ऐकून झाल्यावर म्हणाला, "म्हणजे कावळा माझं ऐकून नव्हता आला."

"ते त्याचं त्यालाच ठाऊक. दोघांचं ऐकून आला असेल." सदाशिवरावांनी हातमोजे काढले आणि नीट घडी करून खिशात ठेवले. समर्थनगरातलं घर, गच्ची, क्रांती चौकातली बस, सगळं एकदम आठवलं, पण बोलायचं ते त्यांनी बोलून टाकलं. "दोघांनी शब्द दिला, दोघांनी पाळायचा. माझा फिटला. आता तुझा राहिला. पुण्याला कधी निघायचं तेवढं सांग."

हिमांशू वडिलांकडं बघत राहिला. आपण काय मागितलं होतं ते त्याला आत्ता कळत होतं. त्यानं डोळे पुसले, फोन काढला आणि आईचं नाव शोधलं. बोटानं वर, आणखी वर सरकवत आषाढाच्याही मागं गेला. एकाखाली एक व्हिडिओ, न उघडलेले, प्रत्येकाखाली त्याचा अंगठा. एकावर बोट ठेवून तो थांबला आणि फोन दोघांच्या मध्ये धरला.

पडद्यावर बर्फ आला, कठडा आला, आणि मध्ये कमरेला ओढणी खोचून अनसूयाबाई आल्या. फोन धरणाऱ्या नवऱ्याचं हसणं ऐकू येत होतं. त्यांनी त्याच्याकडं डोळे वटारले, उजव्या हातातल्या बांगड्या वर सारल्या, मग डाव्या, आणि गाल फुगवले.

तेवढ्यात आतून सदाशिवरावांचं नाव पुकारलं. हिमांशूनं व्हिडिओ तिथंच थांबवला. वडिलांना दंडाला धरून उठवलं आणि कोरड्या फरशीवरूनही घसरतील अशा बेतानं तो त्यांना दारापर्यंत घेऊन गेला. राहिलेलं बाहेर आल्यावर दोघांनी बघायचं ठरलं.